भाऊजींचं १६८, सासूबाईंचं २५२

पत्र :

नमस्कार डॉक्टर,

आमच्या ह्यांचं वय ४३. तालुक्याच्या गावी हार्डवेअर आणि रंगाचं दुकान आहे. गेल्या महिन्यात रक्त तपासलं तर टोटल कोलेस्टेरॉल २१६ आलं. डॉक्टरांनी ॲटोरव्हास्टॅटिन १० ची गोळी दिली. ह्यांनी २२ दिवस घेतली आणि पोटऱ्या दुखतात म्हणून सोडून दिली. दुकानात कोणीतरी सांगितलं की ह्या गोळ्यांनी लिव्हर जातं, सगळा कंपन्यांचा धंदा आहे. पण खरी अडचण वेगळीच आहे. मोठ्या भाऊजींना दिवाळीनंतर अटॅक आला. वय ४९, स्टेंट टाकला. त्यांचं कोलेस्टेरॉल फक्त १६८! आणि सासूबाई ७८ वर्षांच्या, त्यांचं २५२, तरी अजून पहाटे उठून अंगण झाडतात. सासरे ५४ व्या वर्षी झोपेतच गेले, देवमाणूस होते, काही त्रास नव्हता. हे म्हणतात, "आईला काही झालं नाही, दादाला झालं, मग त्या आकड्याला अर्थ काय?" मला उत्तर देता येत नाही. तिघांचे रिपोर्ट सोबत पाठवते. ह्यांना तंबाखूची सवय आहे, पण फार नाही. मुलगा १९ वर्षांचा आहे. सकाळी लसूण-आलं-लिंबू-व्हिनेगरचा काढा सुरू केलाय, तो चालेल ना?

— एक वाचक (नाव, गाव छापू नये)

उत्तर :

ताई, तुमच्या यजमानांची शंका अगदी रास्त आहे. माझ्या ओपीडीत आठवड्यातून दोन-तीनदा ती कोणी ना कोणी काढतंच, फक्त कोणाच्या घरात सासूबाईंच्या जागी आजोबा असतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते. त्यांना वाचून दाखवा, किंवा दुकानात गल्ल्याशेजारी ठेवून द्या, दुपारी गिऱ्हाईक नसताना वाचतील.

तिन्ही रिपोर्ट मी टेबलावर शेजारी शेजारी मांडले. टोटल कोलेस्टेरॉल ही नुसती बेरीज असते. त्यात उपद्रवी कोलेस्टेरॉल येतं तसं निरुपद्रवीही येतं. भाऊजींच्या १६८ मध्ये एचडीएल, म्हणजे ज्याला लोक 'चांगलं' म्हणतात ते, फक्त ३१ आहे. सासूबाईंच्या २५२ मध्ये ते ६६ आहे. बेरजेतलं चांगलंच कमी असलं की बेरीज आपोआप लहान दिसते आणि माणूस खूश होतो. आपल्याकडे हा घोळ फार. आयसीएमआरच्या ज्या मोठ्या पाहणीत तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंडीगड इथल्या लोकांचं रक्त तपासलं होतं, तिचे लिपिडचे, म्हणजे रक्तातल्या चरबीचे, आकडे २०१४ मध्ये छापून आले. शंभरातल्या सुमारे ७२ जणांचं एचडीएल कमी होतं, आणि एलडीएल, म्हणजे ज्याला लोक 'वाईट' म्हणतात ते, जास्त असलेले जेमतेम १२. म्हणजे 'टोटल नॉर्मल आहे' असं ऐकून घरी जाणाऱ्यांत एचडीएल कमी असलेले कितीतरी असणार.

आता टोटलला एचडीएलने भागून बघा. सासूबाई ३.८, भाऊजी ५.४, आणि तुमचे हे (ह्यांचं एचडीएल ३५) ६.२. सगळ्यात वरच्या सासूबाई सगळ्यात खाली गेल्या! उपचाराचं लक्ष्य ठरवायला हा भागाकार वापरत नाहीत, पण जोखमीचा अंदाज नुसत्या टोटलपेक्षा त्यातून बरा येतो.

मात्र मी इथेच थांबले तर तुमच्या ह्यांना मी चकवलं असं होईल. टोटलमधून एचडीएल वजा केलं की उरतं ते सगळं उपद्रवी कोलेस्टेरॉल : भाऊजींचं १३७, ह्यांचं १८१, सासूबाईंचं १८६. वजाबाकीनंतरही सासूबाईच वर आहेत. तेव्हा नुसत्या गणिताने कोडं सुटत नाही.

भाऊजींच्या रिपोर्टवरची तारीख बघा. डिस्चार्ज कार्डाप्रमाणे ते दाखल झाले त्याच्या तिसऱ्या दिवशी रक्त घेतलंय. अटॅकनंतर, मोठ्या आजारात किंवा ऑपरेशननंतर कोलेस्टेरॉल काही प्रमाणात खाली जातं आणि पुढे काही आठवडे खालीच राहतं. तो १६८ हा पूर ओसरल्यावर मोजलेला आकडा आहे. अटॅकच्या आधी, पंचेचाळिशीत किंवा चाळिशीत, त्यांचं किती होतं? तुमच्या पाकिटात त्याआधीचा एकही रिपोर्ट नाही, तेव्हा बहुधा कधी मोजलंच गेलं नाही. त्याच कार्डावर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ८.१ लिहिलाय. हा मधुमेह आहे, आणि तो अटॅकच्या दिवशी उगवलेला नाही.

सासूबाईंचंही तसंच. २५२ हे आजचं, ७८ व्या वर्षीचं. त्या तिशी-चाळिशीत असताना ते १८० असेल किंवा २३० असेल, कोणाला ठाऊक? बाईची पाळी गेल्यावर एलडीएल बहुतेक वेळा वाढतं. उतारवयात थायरॉइड मंदावलं तरी वाढतं. बाकी त्यांच्या बाजूने किती गोष्टी आहेत ते मोजा : तुमच्या पत्रात बीपी-साखरेचा उल्लेख नाही, तंबाखू नाही, अंगण झाडायला स्वतः उठतात. आणि एक जरा कठोर गोष्ट सांगते, राग मानू नका. त्यांच्या पिढीत एवढंच कोलेस्टेरॉल असलेली, पण पन्नाशीत गेलेली जी माणसं होती, त्यांचे फोटो भिंतीवर आहेत. गप्पांत दाखला द्यायला मागे राहिले ते वाचलेलेच.

आता मुख्य प्रश्न : आकड्याला अर्थ काय?

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात फ्रॅमिंगहॅम नावाचं गाव आहे. १९४८ मध्ये तिथल्या ५,२०९ धडधाकट माणसांना तपासून ठेवलं आणि पुढे वर्षानुवर्षं कोणाला काय होतं ते बघितलं. बीपी, सिगारेट, कोलेस्टेरॉल ह्यांना आपण आज 'धोक्याचे घटक' म्हणतो ती भाषाच तिथून आली. त्याच फ्रॅमिंगहॅममध्ये हृदयविकार झालेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांचं कोलेस्टेरॉल २०० च्या खाली होतं. म्हणजे तुमचे भाऊजी काही अपवाद नाहीत. एकट्या टोटल कोलेस्टेरॉलवरून अमक्याला अटॅक येईल आणि तमक्याला येणार नाही हे सांगायला गेलं तर ज्योतिषाइतकीच फजिती होईल. ह्या मुद्द्यावर मी तुमच्या ह्यांच्या बाजूने आहे.

पण भाकीत करता येत नाही म्हणजे ते कारण नाही, असं होत नाही. ह्या दोन गोष्टींची गल्लत झाली की सगळा वाद तिथेच अडकतो.

तुमच्या ह्यांना हे माझ्यापेक्षा चांगलं कळायला हवं, कारण ते रंग विकतात. लोकांच्या डोक्यात रक्तवाहिनी म्हणजे पाइप आणि कोलेस्टेरॉल म्हणजे पाइपात साचणारा गाळ असं चित्र असतं. तसं नसतं. एलडीएलचे कण नळीत साचत नाहीत, नळीच्या भिंतीच्या आत शिरतात आणि तिथे अडकून बसतात. भिंतीत ओल मुरते तसं. पावसाळ्यात मुरलेली ओल बाहेरून बरेच दिवस दिसत नाही, रंग छान दिसतो, हात लावला तर भिंत थोडी गार लागते इतकंच. मग एके दिवशी पोपडा सुटतो. रक्तवाहिनीत असा पोपडा फुटला की त्या जागी मिनिटांत रक्ताची गुठळी होते आणि वाट बंद. हाच अटॅक. त्याआधी ती जागा फार अरुंद झालेली असतेच असं नाही, म्हणून ट्रेडमिलची टेस्ट पास झालेल्या माणसालाही महिनाभरात अटॅक येतो आणि सगळे चकित होतात.

कुठल्या भिंतीचा पोपडा कोणत्या वर्षी सुटेल हे कोणताही रंगारी सांगणार नाही. पाऊस, विटा, प्लास्टर, गच्चीचा उतार, सगळ्यावर ते अवलंबून. पण पाणीच मुरलं नाही तर पोपडा सुटत नाही, हे तो छातीठोक सांगेल. एलडीएल म्हणजे ते पाणी. बीपी, साखर आणि तंबाखूने प्लास्टरला भेगा पडतात. सासूबाईंच्या घरावर पाऊस बऱ्यापैकी आहे, पण प्लास्टर शाबूत आहे. भाऊजींच्या घरावर त्या मानाने कमी पाऊस, आणि भिंतीला भेगाच भेगा.

आणि पाणी किती वर्षं मुरतंय हेही बघावं लागतं. काही लोकांमध्ये पीसीएसके-९ नावाच्या जनुकात जन्मजात बिघाड असतो आणि त्यामुळे त्यांचं एलडीएल आयुष्यभर कमी राहतं. बिघाड, पण फायद्याचा! २००६ मध्ये अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांमधला त्याचा अभ्यास आला. एलडीएल २८ टक्क्यांनी कमी, पण हृदयविकार ८८ टक्क्यांनी कमी. गोळ्यांनी एलडीएल ३९ ने उतरवलं तर पाच-एक वर्षांत अटॅक-लकवा ह्यांचं प्रमाण साधारण एक पंचमांशाने घटतं. जन्मापासून कमी असणं आणि पन्नाशीनंतर कमी करणं ह्यात एवढा फरक आहे. म्हणून ४३ हे वय मला महत्त्वाचं वाटतं.

भाऊजींच्या रिपोर्टमध्ये आणखी एक मेख आहे. त्यांचं एलडीएल ९०, पण ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली आणखी एक चरबी, २३५. शंभर लिटर रंग वीस लिटरच्या पाच बादल्यांत मावतो, आणि एक-एक लिटरच्या शंभर डब्यांतही. एलडीएलचा आकडा लिटर सांगतो, डबे मोजत नाही. भिंतीत शिरतात ते डबे. ट्रायग्लिसराइड जास्त आणि एचडीएल कमी अशी जोडी असली की बहुतेक वेळा लहान डब्यांचा प्रकार असतो : लिटर कमी, डबे भरपूर. ॲपो-बी नावाची तपासणी डब्यांची झाकणं मोजते, एका डब्याला एकच झाकण. ती जमत नसेल तर वर केलेली वजाबाकी, टोटल वजा एचडीएल, बरंचसं काम करते आणि तिला एक पैसा लागत नाही. जाता जाता सांगते, बऱ्याच लॅबच्या रिपोर्टवर एलडीएल प्रत्यक्ष मोजलेलं नसतं, ट्रायग्लिसराइडला पाचने भागून वजाबाकीने काढलेलं असतं. तुमचे तिन्ही रिपोर्ट तसेच आहेत, मी हिशेब करून पाहिला.

आता तुम्ही घाईघाईत लिहून टाकलेल्या दोन ओळी.

पहिली, सासरे ५४ व्या वर्षी झोपेत गेले. सगळे त्याला सुखाचं मरण म्हणत असतील. पण काही त्रास नसलेला, चोपन्न वर्षांचा पुरुष झोपेत अचानक जातो तेव्हा आम्हा डॉक्टरांच्या मनात सगळ्यात आधी हृदयच येतं. वडील पंचावन्नच्या आत, मोठा भाऊ एकोणपन्नासाव्या वर्षी. तुमचे हे आईचा दाखला देतात, पण अर्धा वारसा वडिलांचाही आहे. कोलेस्टेरॉलच्या आकड्यापेक्षा मला ह्या ओळीने जास्त काळजी लावली.

दुसरी, 'तंबाखूची सवय आहे, पण फार नाही.' फार म्हणजे किती हे ह्या महाराष्ट्रात कोणीच सांगत नाही. पुडी खिशात असते, चुन्याची डबी गल्ल्यात असते, तरी 'फार नाही'. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासाचे निष्कर्ष २००४ पासून येत गेले. त्यात नुसती तंबाखू चघळणाऱ्यांमध्येही अटॅकचं प्रमाण दुपटीच्या पुढे आढळलं. धूर नाही म्हणून हृदयाला धोका नाही हा समज चुकीचा आहे. त्याच अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी येत होता, इतरांना ५९ च्या आसपास. सुमारे सहा वर्षं आधी.

ह्यांच्या रिपोर्टवर उपाशीपोटीची साखर १०८ आणि कोपऱ्यात पेनाने बीपी १३८/८८ लिहिलंय. दोन्ही 'अजून आजार नाही, पण वाटेवर' असे आकडे. लॅबच्या कागदावर उजवीकडे '२०० पर्यंत नॉर्मल' छापलेलं असतं ते सगळ्यांसाठी एकच असतं. त्या कागदाला सासरे, भाऊजी, पुडी, काहीच ठाऊक नसतं. २०२४ मध्ये कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने भारतीयांसाठी मार्गदर्शिका काढली. तिच्यात सर्वसामान्य माणसाचं एलडीएल १०० च्या खाली हवं, जोखीम जास्त असलेल्याचं ७० च्या खाली आणि अटॅक येऊन गेलेल्याचं ५५ च्या खाली. म्हणजे ह्यांचं १४० कुठल्याच रकान्यात बसत नाही. आणि भाऊजींचं ९०, ज्यावर घरात एवढा वाद चाललाय, ते आता त्यांच्यासाठी जास्तच आहे. त्यांनी गोळ्या 'कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे' म्हणून बंद केल्या नाहीत ना, हे आजच विचारा.

गोळीबद्दल. स्टॅटिनने (ह्यांची ॲटोरव्हास्टॅटिन ह्याच गटातली) काही जणांचे स्नायू खरोखर दुखतात, ह्यांचेही दुखत असतील. दिवसभर दुकानात उभं राहून, रंगाच्या बादल्या उचलूनही पोटऱ्या दुखतात. कसं ओळखायचं? लंडनमध्ये, त्रास झाला म्हणून स्टॅटिन सोडलेल्या ६० लोकांवर एक सुंदर प्रयोग झाला, २०२० मध्ये त्याचा निकाल आला. प्रत्येकाला वर्षभराच्या बारा बाटल्या दिल्या : चारांत खरी गोळी, चारांत तशीच दिसणारी खोटी गोळी, चार रिकाम्या. रोज किती त्रास होतो ते फोनवर नोंदवायचं. खऱ्या गोळीच्या महिन्यांत जेवढा त्रास झाला, त्याच्या नव्वद टक्के त्रास खोट्या गोळीच्या महिन्यांतही झाला. दुखणं खोटं नव्हतं, दुखतच होतं. पण बहुतांशी ते गोळी घेतोय ह्या धास्तीने दुखत होतं. स्वतःचा निकाल बघितल्यावर त्यांतल्या निम्म्या लोकांनी गोळी परत सुरू केली.

म्हणून ह्यांनी डॉक्टरांकडे जाऊन सरळ सांगावं की दुखलं आणि बंद केली. डॉक्टर रागावणार नाहीत, रागावले तरी मिनिटभरच. स्नायूंची आणि लिव्हरची रक्ततपासणी करून तीच गोळी पुन्हा, दुसरी स्टॅटिन, कमी डोस, असे पर्याय आहेत. लिव्हर कामातून जाणं फार विरळा. साखर थोडी वर सरकू शकते हे खरं आहे, आणि ती आधीच काठावर असल्याने लक्ष ठेवावं लागेल. तरीही वडील-भाऊ-तंबाखू हे सगळं धरून ह्यांच्या बाबतीत माझा कौल गोळीकडेच आहे. प्रत्यक्ष तपासलेल्या डॉक्टरांचा शब्द मात्र माझ्या वरचा. दहा मिलीग्रॅमने एलडीएल साधारण एक तृतीयांशाहून थोडं जास्त उतरतं, म्हणजे १४० चं नव्वदच्या आसपास येईल. तिथून पुढचं ते ठरवतील.

एचडीएल वाढवायच्या गोळ्या मात्र मागू नका. एका औषधाने एचडीएल सत्तर टक्क्यांच्या वर वाढलं होतं, आणि ते घेणाऱ्यांमध्ये मृत्यू जास्त झाले म्हणून २००६ मध्ये चाचणीच थांबवावी लागली. कमी एचडीएल ही खूण आहे, ओढायची दोरी नाही. चालणं वाढलं, पोट उतरलं, तंबाखू सुटली की ते जेवढं वाढायचं तेवढं वाढतं.

काढ्याने ब्लॉकेज उघडत नाहीत. आवडत असेल तर प्यावा, पित्त होत असेल तर बंद करावा, आणि त्याच्या भरवशावर गोळी सोडू नये. जेवणाचं थोडक्यात : आपल्या रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल लिव्हरच तयार करतं, म्हणून अंड्याला सगळं पाप लावू नका. दुकानात चारला येणारा वडा, फरसाण, बिस्किटं, डालडा ह्यांच्याकडे आधी बघा. ट्रायग्लिसराइड साखर, मैदा आणि दारूने चढतं. तेलाच्या पिशवीवर 'कोलेस्टेरॉल फ्री' लिहिलेलं वाचून जास्त पैसे मोजू नका, वनस्पतीच्या कुठल्याच तेलात कोलेस्टेरॉल नसतं.

पुढच्या तपासणीत ह्यांची तीन महिन्यांची साखर बघा, आणि लायपोप्रोटीन-ए नावाच्या, एलडीएलसारख्याच एका कणाची चाचणी आयुष्यात एकदाच करा. ते जवळजवळ पूर्ण आनुवंशिक असतं, खाण्यापिण्याने हलत नाही. ५० मिलीग्रॅमच्या वर आलं तर घरात पुरुष लवकर का जातात ह्याचा एक धागा हाती लागेल. भाऊजींचंही करा. मुलाचं लिपिड प्रोफाइल आत्ताच करून ठेवा, अशा घरात एकोणीस हे लवकर नाही. उपाशी राहायची सक्ती नाही, ट्रायग्लिसराइड चारशेच्या वर गेलं तरच पुन्हा उपाशीपोटी करायला सांगतील. आणि बादल्या उचलताना किंवा जिना चढताना छातीत जडपणा, जबड्यात किंवा डाव्या हातात ओढ, दरदरून घाम असं काही झालं तर पित्ताची गोळी शोधत बसायचं नाही, सरळ ईसीजी.

सासूबाईंचं थायरॉइडही ह्याच फेरीत बघून घ्या. ह्यांना 'तुमचं रक्त द्यायचंय' असं म्हणू नका. 'आईंना लॅबमध्ये न्यायचंय, गाडी काढा' म्हणा. आले की तिथे त्यांचीही बाही वर करायला लावा.